वही मिटली की पडदा

फोन आला तेव्हा कुजबुज काचेच्या खोलीत बसून एका परदेशी मालिकेतल्या बाईच्या ओठांवर डोळा ठेवून होती. तिचं हल्लीचं काम तेच. समोरच्या टीव्हीवर बाईचे ओठ उघडले की हिने बोट वर करायचं, काचेपलीकडच्या मुलीने त्या क्षणी आपल्या भाषेत बोलायला लागायचं. ओठ मिटले की बोट खाली, मुलगी गप्प. काम एवढंसं, पण चुकलं तर सगळ्याचा विचका. कुजबुज हे तिचं खरं नाव नव्हे हे सांगायला नकोच. नाटक कंपनीत विंगेत उभं राहून तिने वर्षानुवर्षं नटांच्या कानात त्यांची विसरलेली वाक्यं सोडली, तेव्हा कुणा चावट नटाने ते ठेवलं आणि ते असं चिकटलं की खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर आणि डॉक्टरांच्या फाइलवर उरलं. आता ती एकसष्ट वर्षांची होती. फोनवरचा माणूस तिच्या निम्म्या वयाचा असावा आणि त्याला भलतीच घाई होती. "मावशी, मी तो, दुसरा भाग लिहितोय ना, तो!" "कशाचा दुसरा भाग?" "अहो, नाटकाचा. तुमच्या नाटकाचा! ताईंनी सांगितलं नाही? त्या काम करताहेत त्यात." ताईने सांगितलं नव्हतं. रोज सकाळी दोघी बहिणी फोनवर अर्धा तास बोलत, काल भाजी करपली इथपर्यंत सगळं सांगत, आणि हे तेवढं ताईने सांगितलं नव्हतं. "मला एकच विचारायचंय, मावशी. शेवटी बायको काय म्हणते?" "काही म्हणत नाही. तोंड उघडते आणि पडदा पडतो. पुस्तकात छापलंय तसं." "छापलेलं मला पाठ आहे हो. पण नाटककारांच्या कागदांत एक चिठ्ठी सापडलीये. 'शेवटचा शब्द गेला ते एका परीने बरंच झालं.' म्हणजे शब्द होता! तुम्ही प्रॉम्प्टर होतात. तुम्हाला नाही तर कुणाला माहीत असणार?"

कुजबुज सांगायला गेली. अगदी सहज, सवयीने, तोंडातल्या तोंडात शब्द तयार करून. आणि तिथे एकाऐवजी दोन शब्द उभे. 'जाते.' 'थांबते.' दोन्ही सारखेच ओळखीचे, दोन्हींना ताईचाच आवाज. ती म्हणाली, "आठवून सांगते." तो म्हणाला, "आठवून? तुम्ही?" आणि हसला. वाईट नव्हता हसला, पण हसला. "बरं, मी पाच वाजता ताईंना फोन करणारच आहे, त्यांनाही विचारतो. दोघींचं जुळलं की काम फत्ते." फोन ठेवून तिने टीव्हीकडे पाहिलं तर परदेशी बाईचं तोंड उघडून मिटलंही होतं, आणि हिचं बोट आत्ता वर. काचेपलीकडची मुलगी बिचारी बोटाबरोबर बोलायला लागली. "वा मॅडम," रेकॉर्डिंग करणारा मागून म्हणाला, "बाई पोटातून बोलायला लागल्या की!" सगळे हसले, तीही हसली. मग तिने सांगितलं की डोकं दुखतंय, आणि तीन वाजता पर्स उचलून बाहेर पडली. डोकं दुखत नव्हतं.

आता ज्यांनी ते नाटक पाहिलं नसेल त्यांना सांगायला हवं की ते हसवून हसवून मुरकुंडी वळवणारं नाटक. एक नवरा आणि एक बायको, ती ताई करायची. एकमेकांना विटलेले, वेगळं व्हायचं ठरवून घर विकायला काढलेले. पण दोघांचाही आतून जीव अडकलेला, घरात म्हणा किंवा एकमेकांत म्हणा. म्हणून घर परक्याला जाऊ नये यासाठी नवरा खोट्या मिशा लावून निवृत्त कॅप्टन बनून स्वतःचंच घर बघायला येतो, आणि बायको काळा चष्मा लावून श्रीमंत विधवा बनून येते, आणि कॅप्टन त्या विधवेच्या प्रेमात पडतो. शेवटी मिशी गळते, चष्मा फुटतो, सगळं उघडं पडतं. बायको बॅग उचलून उंबऱ्यापर्यंत जाते. नवरा अर्धी मिशी ओठावर तशीच ठेवून विचारतो, "मग? जातेस की थांबतेस?" ती वळते, तोंड उघडते, पडदा. अकराशे प्रयोग झाले. लोक बाहेर पडताना भांडत. जिन्यावर भांडत, गाडीत बसल्यावर भांडत, आणि काही जोडपी म्हणे घरी जाऊनही भांडत. गेल्या महिन्यात दातांच्या डॉक्टरने कुजबुजच्या तोंडात दोन बोटं आणि एक नळी घातल्यावर विचारलं होतं, "एक सांगाच, ती गेली की राहिली?" या अवस्थेत माणूस काय सांगणार? तिने घशातून कसलासा आवाज काढला. "बघा! मी बायकोला तेच म्हणत होतो," तो खूश होऊन म्हणाला. 'तेच' म्हणजे काय, हे तिला अजून कळलेलं नाही.

ताईकडे जाणाऱ्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. दुसरा भाग हवा की नको, याचा तिने आधी शहाण्यासारखा विचार करायचं ठरवलं, कारण शहाण्यासारखा विचार केला की बाकीचं जरा लांब राहतं. लोकांना उत्तर हवंय, बरोबर आहे. चौतीस वर्षं हवंय. मग द्यावं ना! पण 'ती गेली' म्हणून जे जन्मभर हटून बसले त्यांचं काय करायचं, त्यांना घरोघर जाऊन कळवायचं का, की तुम्ही चुकलात? आणि ती राहिली असं दाखवलं तर पुढे काय दाखवणार, दोघं म्हातारे होऊन गोळ्या मोजताहेत? त्यात कोण हसणार? पण हसले तर? ताई काय वाटेल त्यात हसवील, ताईचं काही सांगता येत नाही. मग तिला वाटलं, आपल्याला नाटकाचं काही पडलेलंच नाहीये. दुसरा भाग होवो नाहीतर दहावा होवो. आपल्याला भीती वाटतेय ती पाच वाजण्याची. तो माणूस ताईला विचारणार, शब्द काय होता, आणि मग साहजिकच पुढे विचारणार, तो गेला कसा? आणि ताई सांगणार. चौतीस वर्षांत दोघींनी या गोष्टीवर एक अक्षर काढलं नव्हतं, आणि आता हा कोण कुठला बाप्या ते फोनवर काढणार!

तो गेला कसा, हे कुजबुजला माहीत होतं. त्या कंपनीत पडदा ओढायला एक काका होते. ते ज्या कोपऱ्यात दोर धरून उभे राहत तिथून रंगमंच दिसतच नसे. त्यांना दिसे फक्त समोरच्या विंगेतली प्रॉम्प्टर आणि तिच्या हातातली संहितेची वही. म्हणून कंपनीचा रिवाज असा पडला होता की वही मिटली की पडदा. वाक्यं ऐकायची नाहीत, टाळ्या ऐकायच्या नाहीत, वहीकडे बघायचं. तालमीत एकदा एका प्रॉम्प्टरने माशी मारायला वही मिटली आणि नायकाच्या भर प्रेमात पडदा आला होता, तेव्हापासून कुजबुजला सक्त ताकीद होती, की शेवटचा शब्द नटाच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत वही उघडीच, मग आभाळ कोसळलं तरी. आणि पहिल्या प्रयोगाला, रविवारी दुपारी, भरल्या थिएटरात, नवऱ्याने विचारलं, "जातेस की थांबतेस?" ताई वळली, तिने तोंड उघडलं, शब्द आला नाही, तिने विंगेत कुजबुजकडे पाहिलं. आणि कुजबुजने शब्द द्यायच्या ऐवजी वही मिटली. पडदा आला. क्षणभर चिडीचूप. मग थिएटर असं काही उठलं की भिंती हलल्या. नाटककार शिव्या देत आत धावत आला होता. टाळ्या ऐकून विंगेतच खांबासारखा उभा राहिला. मग त्याने तिच्या हातातून वही घेतली, शेवटचं पान टरकावलं, खिशात कोंबलं आणि म्हणाला, "झालं ते झालं. आता हेच." नाटककार पुढे वारला. पडदेवाले काका गेले. अर्ध्या मिशीचा नवराही परवाच्या वर्षी गेला. आता ही गोष्ट माहीत असलेली दोनच माणसं उरली होती, आणि ती एकमेकींना रोज फोन करत होती.

पण वही का मिटली? हात घसरला म्हणावं तर तिचा हात कधी घसरत नसे. त्या दिवसाची सकाळ तिला शब्द न् शब्द आठवत होती, तिथे काही गोंधळ नव्हता. आई अंथरुणाला खिळून दुसरं वर्ष. दोघी बहिणी तिच्या दोन बाजूंना उभ्या राहून चादर बदलत होत्या. आईला कुशीवर वळवून धरलेलं असताना ताई हळूच म्हणाली होती, परदेशी दौऱ्यावर जाणाऱ्या एका कंपनीने तिला विचारलंय, दोन वर्षांसाठी, कदाचित जास्तच. "मी जाऊ का गं?" आणि कुजबुज औषधांच्या बाटल्यांकडे वळून म्हणाली होती, "मला काय विचारतेस? तुझं तू बघ." चादरीचं टोक ताईने गादीखाली खोचलं, फार घट्ट खोचलं. ताई गेली असती तर आई, घर, औषधं, रात्रीची जागरणं, सगळं एकटीच्या गळ्यात आलं असतं. याचा कुजबुजला राग आला होता. आणि ताई गेली असती तर जन्मात पहिल्यांदा 'ताईची बहीण' सोडून काहीतरी होता आलं असतं, हेही त्याच क्षणी मनात आलं होतं, आणि त्याची तिला इतकी लाज वाटली की तिने दोन बाटल्यांची झाकणं उलटसुलट लावली. यातलं कुठलं खरं? इथेच ते शब्द येत होते. नाटककार महिनाभर शेवटचा शब्द बदलत होता. सोमवारी 'जाते', बुधवारी 'थांबते', पेन्सिलीने लिहायचा, थुंकी लावून पुसायचा. प्रयोगाच्या सकाळीही त्याने काहीतरी बदललं होतं. आता त्या पानावर 'जाते' असेल, तर सरळ आहे, बहिणीच्या कानात स्वतःच्या तोंडाने 'जाते' घालायचं तिच्याने झालं नाही, तिने ताईला अडवलं, स्वतःच्या सोयीसाठी. आणि 'थांबते' असेल, तर तिने ताईला थांबू द्यायचं नाकारलं. मग ती कोण? एका शब्दाने ती स्वार्थी ठरत होती आणि दुसऱ्याने हलकट, आणि तिला साधं आठवतही नव्हतं की आपण दोघींपैकी कोण! दुसऱ्यांनी विसरलेलं लक्षात ठेवायचे तिने पैसे घेतले होते आयुष्यभर. बस दोन स्टॉप पुढे गेल्यावर तिला कळलं की उतरायचं राहिलं.

ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर. दार उघडंच होतं. ताई एका गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरून खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत होती आणि पावलं मोजत होती. सहासष्ट वर्षांची बाई, पण मान अजून अशी ताठ की मागून कुणीही पस्तीसची म्हणेल. "आलीस? बरं झालं. हे बघ, इथून तिथवर अकरा पावलं. न लंगडता चालता आलं पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील म्हातारी उंबऱ्यातच बसायची." कुजबुजने पर्सही खाली ठेवली नाही. "तू मला सांगितलं नाहीस." "काय?" "दुसऱ्या भागाचं." ताई चालायची थांबली. "सांगणार होते. तू नाक मुरडशील म्हणून लांबवलं." "मी कशाला नाक मुरडू?" "ते तुलाच माहीत," ताई म्हणाली आणि खुर्चीवर बसली. "त्या पोराने तुलाही फोन केला वाटतं. शब्द विचारायला."

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजायला वीस मिनिटं होती. कुजबुजने ठरवलं होतं की आधी इकडचं तिकडचं बोलायचं, पण तोंडातून एकदम निघालंच, "ताई, काय होता गं शब्द?" ताईने तिच्याकडे असं पाहिलं की हिला क्षणभर वाटलं आपण काहीतरी अश्लील विचारलं. "तू मला विचारतेस?" "मला आठवत नाहीये." "शप्पथ?" "आईशप्पथ." ताईने गुडघ्यावरची पिशवी काढून टेबलावर ठेवली. "'थांबते' होता," ती म्हणाली. "सकाळी आल्या आल्या त्याने बदलला. मी म्हटलं, काल तर जात होती, आज का थांबते? तो म्हणाला, मला रात्री तिची दया आली." ती थोडं हसली. "आणि मी विसरले नव्हते बरं का. सगळ्या जगाला वाटतं मी विसरले, त्यालाही वाटलं. शब्द माझ्या जिभेवर होता."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हणवेना. सकाळचं डोक्यात होतं. जाऊ का म्हणून तुला विचारलं तर तू पाठ फिरवलीस. मग तिथे उभं राहून अख्ख्या गावासमोर 'थांबते' म्हणायचं? कुणासाठी? म्हटलं, हिच्याकडे बघू. हिने दिला तर म्हणू. एवढंच. तू ओठ हलवले असतेस ना नुसते, तरी मी म्हटलं असतं, नाटकात पण आणि घरी पण. आणि तू माझ्या तोंडावर वही मिटलीस." ताईचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "मला वाटलं, झालं. हिला मी नकोय."

कुजबुज उभी होती ती तशीच खाटेच्या कडेवर टेकली. म्हणजे 'थांबते'. म्हणजे हलकट. पण तिला जे वाटायला हवं होतं ते वाटतच नव्हतं, वेगळंच काहीतरी वाटत होतं आणि त्याला नाव सापडत नव्हतं. "मग गेली का नाहीस?" तिने विचारलं. "तुला असं वाटलं तर जायचंस. ते लोक महिनाभर थांबले होते तुझ्यासाठी."

"जाणार होते! बॅग काढली होती माळ्यावरून. पण मग असला संताप आला तुझा! म्हटलं, हिला मी नकोय काय? मग तर मुळीच हलणार नाही. तुझ्या नाकावर टिच्चून राहिले मी." ताईने टेबलावर हात आपटला. "आईला मांडीवर घेऊन भरवलं चार वर्षं, तेही रागानेच. अकराशे प्रयोग केले, प्रत्येक प्रयोगाला त्या जागी आल्यावर तुझ्याकडे बघायची आणि तू बरोब्बर वही मिटायचीस. अकराशे वेळा! लोक म्हणत, बाई शेवटी काय बघते, काय डोळे आहेत! डोळे कसले, डोंबलाचे. रागाने बघत होते मी."

कुजबुजला आठवलं की त्या अकराशे वेळांमध्ये तिनेही एकदाही नजर खाली केली नव्हती. ताईचे ते डोळे तिला नाटकातल्या बायकोचे वाटत आले होते. रडावं की भांडावं? आणि भांडायचं तर कशावरून, राहिली म्हणून? तेवढ्यात फोन वाजला. घड्याळात पाचला पाच कमी होती, त्या माणसाला धीर नव्हता. दोघी फोनकडे बघत राहिल्या. ताईने तो उचलला आणि तिचा आवाज एका क्षणात बदलला, गोड आणि मोठा झाला, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा. "हां, बोल रे बाबा... शब्द? कसला शब्द?... छे छे. काही नव्हता. लिहिलेलंच तसं होतं, तोंड उघडते, पडदा... चिठ्ठी? अरे, त्याला म्हातारपणी काय काय सुचायचं, तू कशाला मनावर घेतोस... बहिणीला ना, विचारलंस ना, तिलाही आठवत नाही, कारण नव्हताच. नसलेलं कसं आठवेल?... हो हो, काम करणार मी. का नाही करणार? पण ती गेली की थांबली ते तुझं तू ठरव, आमच्याकडून कॉपी करू नकोस. आणि पहिल्या अंकात मला बसायला खुर्ची लिही." तिने फोन ठेवला, बंदच करून ठेवला. "लबाडी केली तुझ्यासाठी," ती म्हणाली. "आता मला सांग. त्याला नको सांगू, मला सांग. का मिटलीस?"

"मला माहीत नाही, ताई."

"हे उत्तर चालणार नाही."

कुजबुजने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. बसमध्ये तिने सगळं नीट लावून ठेवलं होतं, हे असेल तर ते, ते असेल तर हे, आणि आता त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. "तू जावीस असं वाटत होतं," ती म्हणाली. "खरंच वाटत होतं. कंटाळले होते मी तुझी बहीण असण्याला. आणि तू गेलीस तर मी मरेन असंही वाटत होतं. आईमुळे नाही. आईचं केलं असतं गं मी कसंही. तू नाहीस असं घर मला कल्पनेतसुद्धा दिसेना. दोन्ही एकदम वाटत होतं, एकाच वेळी, आणि तू वळून बघितलंस, आणि तुझ्या डोळ्यांत तोच सकाळचा प्रश्न. मला तो सहन होईना. ताई, मी तुझं तोंड बंद केलं नाही, तुझं बघणं बंद केलं. वही मिटली तर पडदा येईल हे माझ्या लक्षातच नव्हतं त्या क्षणी. मी नुसती मिटली, डोळे मिटतात तशी."

पदर नव्हता म्हणून ताईने बाहीने नाक पुसलं आणि चिडून म्हणाली, "मग हे तेव्हाच का नाही बोललीस, मूर्ख? तिथल्या तिथे?"

"तू स्टेजवर होतीस."

"आणि पडदा पडल्यावर?"

"पडदा पडल्यावर टाळ्या सुरू झाल्या."

"टाळ्या काय जन्मभर चालतात? त्या थांबल्यावर बोलायचंस!"

"अगं, पण थांबल्या कुठे त्या?" कुजबुज म्हणाली, आणि मग तिला रडू आलं ते आवरेना.